‘औदुंबर’ची चित्रकथा करतोय, पायवाटेवर मुलगा घालावा का?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यात एका शाळेत चित्रकला शिकवतो. बालकवींचं धरणगाव आमच्याच जिल्ह्यातलं, आणि ज्या भादली स्टेशनाजवळ ५ मे १९१८ ला रेल्वेखाली ते गेले, तेही इथलंच. त्यामुळे त्यांची ‘औदुंबर’ ही कविता माझ्या मनात लहानपणापासून ठाण मांडून आहे. दोन वर्षांपासून तिची सोळा पानांची चित्रकथा करतोय. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडायचे आणि पिना मारायच्या, म्हणजे शाळेशाळेत वाटता येईल.

कविता आठ ओळींची, आणि तिच्यात घडत काहीच नाही. झरा, चार घरं, शेतमळे, पायवाट, डोह, झाड. तरी वाचताना कुणीतरी बोट धरून घेऊन चाललंय असं वाटतं. आधी सगळा मुलूख लांबून दिसतो, मग पायवाट सापडते आणि तिच्या मागोमाग आपण डोहाच्या काठाशी येतो. रंगसुद्धा कवीनेच सांगून ठेवलेत: हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा. चित्रकाराला याहून जास्त काय हवं?

नमुन्याची पानं एका प्रकाशकांना दाखवली. चित्रं आवडली, पण म्हणाले, “यात पात्र नाही. पायवाटेवरून दप्तर घेतलेला एखादा मुलगा चालवा, नाहीतर मुलं पान उलटणार नाहीत.” चार पानं तशी काढून आठवीच्या वर्गात फिरवली. ‘पाय टाकुनी जळांत बसला’ ही ओळ आली आणि निम्म्या वर्गाला वाटलं, मुलगाच पाणवठ्यावर पाय सोडून बसलाय. औदुंबराकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. माझ्या पोटात कालवलं.

मुलगा काढून टाकावा, तर दुसरी अडचण. एका ओळीला एक चौकट केली की आठ निसर्गचित्रं होतात, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी. एक पान दुसऱ्याला ओढत नाही. कविता चालते, माझी चित्रं उभी राहतात. कुणी कवितेवर असं काम केलंय का? चौकटी कुठे तोडायच्या?

आवर्तन

सर, ओळ तोडू नका, यती बघा, म्हणजे ओळ म्हणताना मध्ये येणारा थांबा. प्रत्येक ओळीत आठ मात्रांवर एक थांबा आहे, पुन्हा आठांवर दुसरा, आणि उरलेला तुकडा शेवटी लांबवून म्हणायचा. ‘ऐल तटावर / पैल तटावर / हिरवाळी घेऊन.’ एका ओळीच्या तीन चौकटी तयारच आहेत. पहिलीत अलीकडचा काठ, दुसरीत पलीकडचा, तिसरी रुंद. ‘चार घरांचे / गांव चिमुकले / पैल टेकडीकडे’ हेही तसंच.

आता पाचवी ओळ मोठ्याने म्हणा. ‘पायवाट पां / ढरी तयांतुनि / अडवीतिडवी पडे.’ आठ मात्रा ‘पां’वर संपतात, शब्द मधोमध तुटतो आणि पुढच्या तुकड्यात शिरतो. सहावीतही ‘हिरव्या कुरणां / मधुनि चालली’. बाकी सहा ओळींत यती शब्दाच्या शेवटीच पडतो. मोजून बघा, फक्त या दोन ओळींत शब्द यती ओलांडतो, आणि नेमक्या या दोनच ओळी पायवाटेच्या आहेत. कवीने ठरवून केलं की हातून झालं यात मी पडत नाही. पण पायवाटेने चौकटीची रेघ इथेच ओलांडावी, आधी नको.

पिंगुळीचा शेजारी

मी कुडाळचा. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. चित्रांच्या सुट्या कागदांची पोथी असते, एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गातात. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. लहानपणापासून बघत आलोय: चित्र तेच राहतं आणि गाणं पुढे जातं. रथ जागचा हलत नाही, पण आवाजामुळे तो धावतोय असं वाटतं. तेव्हा प्रत्येक शब्दाला नवीन चित्र लागतंच असं नाही. शेतमळ्यांची ‘दाट गरदी’ एकाच मोठ्या चित्रात राहू द्या, डोळा तिथे रेंगाळायला हवा.

मुलगा मात्र नको. चालणारा वाचकच आहे ना?

सायंछाया

मी उलट बाजूने सांगते. चित्रकथा जरूर करा, पण शेवटचं झाड काढू नका. त्या औदुंबरात कुणाला तपस्वी दिसतो, कुणाला उदासी. माझ्या आईला तो तिच्या वडिलांसारखा वाटायचा, उतारवयात विहिरीच्या थारोळ्यावर बसणाऱ्या. तुम्ही एक झाड काढलंत की ही सगळी झाडं गेली. शेवटी फक्त काळं पाणी ठेवा.

जुना जुळारी

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षं गेली, म्हणून अक्षरांचं सांगतो. कॉम्प्युटरचा फॉन्ट लावू नका, हाताने लिहा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात; दोन ओळींत जागा सोडली नाही तर वरच्याचा उकार खालच्याच्या वेलांटीत अडकतो. जुन्या छपाईतले ‘गांव’, ‘जळांत’ यांवरचे अनुस्वार ठेवायचे की १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे काढायचे ते आधीच ठरवा, सोळा पानांत एकच पद्धत हवी.

झेरॉक्स काढणार असाल तर हिरवा आणि काळा एकच दिसतील. शेतं रेघांनी भरा, डोह ब्रशने सपाट काळा करा आणि पायवाटेला काहीच लावू नका. कागद कोरा सोडा, तोच पांढरा.

हक्कांची काळजी या कवितेपुरती नको. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, ती कधीच उलटली. पुढे कुसुमाग्रजांची कविता घ्याल तर मात्र परवानगी लागेल, ते १९९९ ला गेले.

रेघोट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. आवर्तन, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि सगळ्या ओळी बोटांवर मोजल्या. खरंच दोनच ओळी तशा आहेत. तीस वर्षं ही कविता पाठ आहे, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

काल रात्री मधली दोन समोरासमोरची पानं नव्याने मांडली. आधीच्या पानांवर चौकटी घट्ट, ओळीला तीन. इथे पायवाट पहिल्या चौकटीत वरून येते, कडेची रेघ फोडते, मधल्या कोऱ्या पट्टीतून पुढच्या चौकटीत शिरते आणि घडीवरून पलीकडच्या पानावर उतरते. ‘पांढरी’ हा शब्दही तसाच तोडला: ‘पां’ अलीकडे, ‘ढरी’ पलीकडे. आज सकाळी वर्गात दिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने, मी काही न सांगता, वाटेवर बोट ठेवलं आणि घडी ओलांडून डोहापर्यंत नेलं. पुढचं पान तिने स्वतःच उलटलं. मुलगा रद्द. प्रकाशकांना तसं कळवतो, नाही म्हणाले तर आम्ही शाळेतच छापू.

सायंछाया, तुमच्या आईचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. पण झाड मी काढणारच, कारण ‘असला औदुंबर’ मधला ‘असला’. हा बोट दाखवून म्हणायचा शब्द आहे. कवी दाखवतोय आणि मी मान वळवायची, हे मला जमणार नाही. तुमच्यासाठी एवढं करतो: झाड पाठमोरं, डोहाकडे तोंड केलेलं. नदीकाठच्या एका उंबराची गेल्या महिन्यात चार रेखाटनं केलीत. फळं फांद्यांना नव्हे, थेट खोडालाच लगडलेली, आणि काठची माती धुपून मुळं खरोखर गुडघ्यापर्यंत पाण्यात. ‘पाय’ म्हणावं असंच. तोंड काढायची गरजच पडत नाही.

जुळारीकाका, अनुस्वार ठेवतोय. आता एकच विचारतो: सपाट काळ्या डोहात ‘गोड काळिमा’ लाटांवर पसरलेला दाखवायचा आहे. कोरड्या ब्रशने ओढून बघितलं, पण झेरॉक्सवर ते नुसते ठिपके उठतात. काळ्यावर टाकाच्या मागच्या टोकाने शाई ओली असतानाच खरवडलं तर रेघ धरेल का?