कोविडकाळातली सरकारी मदत: तुम्ही यादीत बसलात का? (अनुभव धागा)

धागाकर्ती

१३ एप्रिल २०२१ च्या रात्री मुख्यमंत्र्यांनी 'ब्रेक द चेन'चे निर्बंध जाहीर केले. त्याच भाषणात ५,४७६ कोटींचं पॅकेजही सांगितलं. परवानाधारक रिक्षावाले, अधिकृत फेरीवाले, नोंदणी झालेले घरकामगार आणि बांधकाम कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ वगैरे योजनांतल्या लोकांना १,००० आगाऊ. आदिवासी कुटुंबांना खावटीचे (अन्नधान्यासाठीच्या मदतीचे) २,०००. शिवभोजन थाळी महिनाभर फुकट आणि रेशनवर माणशी तीन किलो गहू, दोन किलो तांदूळ.

त्याआधी २०२० मध्ये केंद्राचे जनधनचे ५०० रुपये येऊन गेले होते. परदेशातल्या आपल्या मंडळींना तर दर महिन्याला घसघशीत रकमा मिळाल्याचं तेव्हा ऐकत होतो.

माझं निरीक्षण असं की कमाई किती बुडाली हे या योजनांत कुणी फारसं विचारलंच नाही. टाळेबंदीच्या आधीपासून तुमचं नाव कुठल्या वहीत होतं, एवढंच पाहिलं गेलं. माझं चुकत असेल तर खोडून काढा. तुम्हाला किंवा ओळखीत कुणाला मदत मिळाली का, कुठल्या कागदावर मिळाली, कुठल्या कागदासाठी अडली, ते लिहा. दीड हजारात काय होतं, या विषयाला वेगळा धागा काढा, इथे नको.

शेअर रिक्षा

मी डोंबिवलीत रिक्षा चालवतो. रिक्षा चालवायचा बॅच (बिल्ला) माझा, परमिट दुसऱ्याचं. आमच्या स्टँडवर असे भरपूर आहेत. शिफ्टवर गाडी घ्यायची, मालकाचं भाडं आणि गॅस वजा जाता जे उरेल ते आपलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये रिक्षा बंद नव्हती, हे लोक विसरतात. ड्रायव्हर अधिक दोन पॅसेंजर अशी परवानगी होती. पण शेअरच्या लाइनीला तिसरी सीट भरली तरच चार पैसे सुटतात. आणि पॅसेंजर येणार कुठून? लोकल फक्त अत्यावश्यकवाल्यांना. स्टेशनबाहेर रांगेत उभं राहायचं, गाडी नुसती पुढे ढकलायची, दुपारी जेवायला घरी.

मे महिन्यात अर्ज ऑनलाइन सुरू झाले. गाडीचा नंबर, परमिट, आधार आणि आधारला जोडलेलं खातं. ड्रायव्हरच्या लायसनचा, बॅचचा रकाना शोधत बसलो. नव्हता. पैसे परवाना ज्याच्या नावावर त्याला. माझा मालक एका कंपनीत नोकरीला आहे, परमिट त्याच्या वडिलांच्या वेळचं. त्याचा पगार चालू होता. त्याच्या खात्यात दीड हजार आले आणि त्याने निम्मे माझ्या हातावर ठेवले. भला माणूस. माझ्या मागच्या नंबरवाल्याला त्याच्या मालकाने सांगितलं, परमिट माझं, पैसे माझे. नियमाने बघितलं तर तोही चूक नव्हता.

परमिटवाल्यांचंही सगळं सुरळीत नव्हतं. स्टँडवरच्या एका काकांचं परमिट, गाडी, खातं सगळं स्वतःचं. पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलीच्या लग्नाआधीचा, तो कधीच बंद झालेला. ओटीपी जाणार कुठे? नंबर बदलायला आधार केंद्र उघडं पाहिजे, आणि ते बंद. त्यांचे पैसे पावसाळ्यात आले.

खिडकीच्या आतून

मी तेव्हा परभणी जिल्ह्यात बँकेच्या एका ग्रामीण शाखेत होतो. जनधनचं आम्ही पाहिलेलं लिहितो.

एप्रिल २०२० पासून तीन महिने, दरमहा ५००, फक्त महिलांच्या जनधन खात्यावर. गर्दी होऊ नये म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावर वार ठरवले होते: ० आणि १ वाल्या ३ एप्रिलला, २ आणि ३ वाल्या ४ तारखेला, असं करत ८ आणि ९ वाल्या ९ एप्रिलला. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात गावात अफवा उठली की पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेईल. पहिल्याच दिवशी सगळे आकडे एकदम दारात. आम्ही चुन्याने गोल आखले होते. बायकांनी त्या गोलात चपला ठेवल्या आणि स्वतः लिंबाच्या सावलीत एकमेकींना खेटून बसल्या.

पण खरी भांडणं पात्रतेवरून झाली. दोन सख्ख्या जावा आल्या होत्या, एकाच चुलीवर जेवणाऱ्या. धाकटीचं खातं जनधनच्या शिबिरात उघडलेलं. थोरलीने त्याआधीच बचत गटाच्या नादाने स्वतः बँकेत येऊन साधं बचत खातं काढलेलं. धाकटीला पाचशे आले, थोरलीला नाही. थोरली मला विचारत होती, "साहेब, मी आधी आले म्हणून का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिने बरोबर ओळखलं होतं. शिबिर येईपर्यंत घरी बसली असती तर मिळाले असते.

पुरुषांची जनधन खाती यात नव्हतीच. एक विधुर रोज येऊन पासबुक भरून घ्यायचा.

तलाठी ते तहसील (निवृत्त)

वरचं सगळं खरं आहे, पण दुसरी बाजूही लिहितो. माझी नोकरी महसुलात गेली. 'कमाई कुणाची बुडाली' हे तपासायचं म्हटलं तर कसं तपासणार? असंघटित माणसाकडे पगारपत्रक नाही, विवरणपत्र नाही. पंचनामे करत बसलो असतो तर पैसे दुसऱ्या वर्षी मिळाले असते, आणि मधल्या मध्ये दाखले विकणाऱ्यांची चांदी झाली असती. निराधारांचे हजार रुपये अडखळले नाहीत, कारण त्यांची यादी आणि खाती आधीपासून तयार होती. आता त्या यादीत यायलाच वर्षाला २१,००० च्या आतलं उत्पन्न दाखवावं लागायचं, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. तेवढ्यात कुणी जगतं का, हा प्रश्न विचारू शकता. तो मीही दाखल्यावर सही करताना मनातल्या मनात विचारायचो.

शेअर रिक्षा

@तलाठी ते तहसील: काका, पंचनामा नको होता. बॅचची यादीही सरकारकडेच असते की.

तलाठी ते तहसील (निवृत्त)

हे मान्य.

कोथरूडची लेक

माझी आई धुणीभांडी आणि पोळ्यांची कामं करते, चार घरची. २०२० मध्ये दोन घरांनी पूर्ण पगार दिला, एकाने अर्धा, एकाने फोन उचलणं बंद केलं.

घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा कायदा आहे, त्याखाली कल्याण मंडळ आहे. आईची नोंदणी संघटनेच्या ताईंनी वस्तीत शिबिर लावून केली होती. पिवळं पडलेलं कार्ड लोखंडी कपाटात, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या खाली सापडलं. पंधराशे जाहीर झाले तेव्हा आई ते कार्ड पदरात गुंडाळून निघाली. तिथे कळलं की नोंदणी जिवंत पाहिजे, म्हणजे नूतनीकरण झालेलं. मधल्या वर्षांत मंडळाचं काम थंडावलं होतं, नूतनीकरण करा असं सांगायलाही कुणी आलं नाही. पुन्हा नोंद करायची तर मालकिणीचा दाखला हवा की ही आमच्याकडे काम करते.

इथे जे झालं ते मला अजून टोचतं. ज्या काकू दिवाळीला साडी आणि चिवडा देतात, आजारपणात डॉक्टरकडे गाडीतून नेतात, त्या दाखल्यावर सही करायला कचरल्या. "उद्या पीएफ वगैरे मागे लागेल का गं?" असं विचारलं. सही दिली ती फोन न उचलणाऱ्या घरातल्या आजोबांनी, जिन्यात उभं राहून, मास्क नाकावर ओढत. त्यांना म्हणे सुनेने सांगितलंच नव्हतं की आईचा पगार थांबवलाय.

तोवर त्या हप्त्याची मुदत गेली होती. नोंदणी मात्र आता चालू आहे, दरवर्षी मी आठवण ठेवते.

साइटवरचा

बांधकाम मजुरांचं थोडक्यात. त्यांच्या कल्याण मंडळाकडे पैसा होता, कारण बांधकामांच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो. एप्रिल २०२० मध्ये २,००० दिले, नंतर पुन्हा दिले. अट: नोंदणी सक्रिय हवी, आणि नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. ठेकेदार तो लिहून देत नाहीत. ग्रामसेवक किंवा महापालिकेचा अधिकारीही देऊ शकतो, पण नाक्यावर उभा राहणारा गडी आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्याचे नव्वद दिवस मोजणार कोण? आमच्या साइटवरच्या बिगाऱ्यांपैकी यादीत जवळपास कुणी नव्हतं. सेंटरिंगवाले दोघे होते, तेही आधीच्या मोठ्या प्रकल्पावर नोंद झाली म्हणून.

जव्हारहून

खावटीचा अनुभव जरा वेगळा, म्हणून लिहिते. मी आश्रमशाळेत शिकवते. २०२० मध्ये ही योजना नव्याने आली: कुटुंबाला ४,०००, त्यातले २,००० खात्यात आणि २,००० चं सामान, परतफेड नाही. पात्रतेत एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२० या वर्षात रोजगार हमीवर एक दिवस काम केलेलं असलं तरी चालेल. एकच दिवस! शिवाय कातकऱ्यांसारख्या आदिम जमाती, पारधी, भूमिहीन, वनपट्टेधारक, विधवा, परित्यक्ता असे गट होतेच.

आम्ही शिक्षक पाड्यांवर फिरून अर्ज भरत होतो. मस्टरवर नाव सापडलं की घरात सगळे हसायचे. एका घरात नवऱ्याला आठवतच नव्हतं, बायकोने सांगितलं, "अरे, बंधाऱ्यावर आपण गेलो नव्हतो का, तू दुसऱ्या दिवशी तापाने पडलास." त्या एका दिवसावर त्यांचं काम झालं. अडलं ते वीटभट्टीवर गेलेल्यांचं. ते वर्षभर गावातच नसतात, रोहयोवर कधी येणार?

रोख आधी आली. मटकी, चवळी, तूरडाळ, तेल, साखर, मीठ असं सामान यायला मात्र पुष्कळ उशीर झाला. तोवर लोक भट्टीवर परत जाऊन आलेही होते.

बॅन्जो पार्टी, सांगली

सलग दोन चैत्र आमच्या यात्रा गेल्या, लग्नं पंचवीस माणसांत. कलाकारांना एकरकमी ५,००० मिळणार असं २०२१ मध्ये समजलं. पंधरा वर्षं कलेत असल्याचा पुरावा मागितला. आमची कार्यक्रमाची सुपारी तोंडी ठरते, नारळावर. शेवटी जुन्या यात्रेच्या हँडबिलांवर पार्टीचं नाव होतं ते जोडलं. माझ्या नावाचं हँडबिल कुठून आणू? मी मागे ताशा वाजवतो.

टोरोंटोची वहिनी

इथलं सांगते. मार्च २०२० पासून कॅनडात चार आठवड्यांना २,००० डॉलर मिळत. नागरिकत्वाची अट नव्हती, हे भारतात सांगितलं की कुणाला पटत नाही. देशात राहत असाल, वय किमान १५, कोविडमुळे काम थांबलेलं, आणि २०१९ मध्ये किंवा अर्जाआधीच्या बारा महिन्यांत किमान ५,००० डॉलर कमावलेले. आमच्या तळघरात भाड्याने राहणारा विद्यार्थी, रेस्टॉरंटात काम करणारा, तोही बसला. आधी पैसे, तपासणी नंतर.

ती 'नंतर' माझ्या वाट्याला आली. मी घरी बालसंगोपन करत होते, पाच मुलं सांभाळायची. पाच हजारांच्या वर जमा होत होते, पण खाऊ, खेळणी, विमा वजा केला की आकडा खाली. अर्जात एकूण की निव्वळ हे सुरुवातीला स्पष्ट नव्हतं. वर्षाच्या शेवटी पत्र आलं की पात्रता सिद्ध करा. तो नाताळ कसा गेला ते विचारू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने जाहीर केलं की स्वयंरोजगारवाल्यांची एकूण कमाई पाच हजारांवर असेल आणि बाकी अटी पुऱ्या होत असतील तर परतफेड नको. काही ओळखीच्यांनी तोवर घाबरून पैसे भरूनही टाकले होते. त्यांना मग ते परत मागता आले.

न्यू जर्सी

@टोरोंटोची वहिनी: आमच्याकडे उलटं. नवरा एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-फोर म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, तिला कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. विवरणपत्र एकत्र भरायचं तर तिचा फक्त आयटीआयएन, म्हणजे करापुरता दिलेला नंबर. मार्च २०२० च्या कायद्यात प्रौढाला १,२०० आणि मुलामागे ५०० डॉलर होते, पण जोडप्यातल्या एकाचा जरी नंबर आयटीआयएन असला तर सगळ्या घराला शून्य. कर भरणाऱ्या नवऱ्यालाही नाही आणि इथे जन्मलेल्या, अमेरिकी नागरिक असलेल्या मुलीलाही नाही. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर निम्मी घरं याच रांगेतली. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ते मागच्या तारखेपासून सुधारलं, मग २०२० च्या विवरणपत्रात नवऱ्याचे आणि मुलांचे पैसे मिळाले. बायकोचे नाहीत.

वडापाव, शनिवार ते शुक्रवार

हातगाडीवाल्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या गाडीचा परवाना वडिलांच्या नावावर. ते २०१९ मध्ये गेले. नाव बदलायचा अर्ज दिलेला, पडून. दीड हजार 'अधिकृत' फेरीवाल्याला, म्हणजे कागदाप्रमाणे वडिलांना. मी त्यांच्याच जागेवर, त्यांच्याच कढईत वडे तळतो, पण यादीत नाही.

केंद्राच्या फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेचं दहा हजारांचं कर्ज मात्र मिळालं. तिथे २४ मार्च २०२० च्या आधीपासून धंदा करतो एवढं दाखवायचं होतं, आणि सर्वेक्षणात नाव नसेल तर शिफारसपत्र चालत होतं. ते मिळालं. म्हणजे कर्ज घ्यायला मी फेरीवाला, मदत घ्यायला नाही. हप्ते वेळेवर फेडले, पुढचं वीस हजारांचंही घेतलं.

नाव अजून बदललेलं नाही. वारसाच्या नावाने परवाना करून घेतलेला कुणी इथे असेल तर कागद कुठले लागले ते सांगा. आमच्याकडे मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि आईचं संमतिपत्र आहे. बहिणींचंही संमतिपत्र लागतं का? एक बहीण दुबईला असते.