०.४ टक्केबिंदूंवरून ‘२८ टक्के प्रेक्षक वळले’ हे कसे निघते? (फॉक्स न्यूजचा अभ्यास)

अर्थवाचक

एम.ए.च्या प्रबंधासाठी स्तेफानो देलाविन्या आणि इथन कॅप्लन यांचा २००७ चा, फॉक्स न्यूज या अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या वृत्तवाहिनीवरचा निबंध वाचते आहे. चॅनेल ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाले आणि २००० च्या निवडणुकीपर्यंत अभ्यासातल्या जेमतेम २० टक्के गावांच्या केबलवर पोचले होते. २८ राज्यांतली ९,२५६ गावे घेऊन, चॅनेल आलेल्या आणि न आलेल्या गावांत रिपब्लिकन मतांचा वाटा १९९६ ते २००० मध्ये किती बदलला, ते त्यांनी ताडून पाहिले. फरक आला ०.४ ते ०.७ टक्केबिंदूंचा. इथवर समजले. पुढे मात्र ‘चॅनेलने आपल्या ३ ते २८ टक्के प्रेक्षकांना रिपब्लिकन मत द्यायला लावले’ असे वाक्य येते.

अर्ध्या टक्क्यावरून २८ कसे होतात? आणि ३ व २८ यांत एवढी दरी का? दुसरे असे की, हीच रीत महाराष्ट्रातल्या शहरी केबलला लावता येईल का? मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर आणि पुणे, नागपूर, नाशिक धरून देशभरातल्या ३८ शहरांत मार्च २०१३ अखेर सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. डिजिटल झालेली आणि न झालेली शहरे २०१४ च्या लोकसभेसाठी ताडून पाहावीत, असा विचार आहे.

मोजपट्टी

दोन्ही आकडे बरोबर आहेत, भाजक वेगळे आहेत. ०.४ हा झालेल्या सगळ्या मतांमागचा आकडा. ३ ते २८ हा फक्त अशा लोकांमागचा, ज्यांनी केबलवर आले म्हणून चॅनेल पाहिले आणि जे एरवी रिपब्लिकन मत देणार नव्हते. यालाच पर्सुएशन रेट (मन वळवण्याचा दर) म्हणतात. सुटसुटीत सूत्र देलाविन्या आणि मॅथ्यू गेन्ट्झको यांच्या २०१० च्या आढाव्यात आहे: वागण्यातला फरक भागिले पाहण्यातला फरक, आणि त्याला पुन्हा (१ वजा न पाहता तसेच वागले असते त्यांचा हिस्सा) याने भागायचे.

काल्पनिक गाव घ्या. १,००० प्रौढ. चॅनेल नसताना ५०० जण मतदान करतात, त्यातले २५० रिपब्लिकन. चॅनेल आल्यावरही ५००च मतदान करतात, पण रिपब्लिकन २५५. चॅनेलमुळे प्रेक्षक ५ टक्केबिंदूंनी वाढले, म्हणजे ५० माणसे. या ५० पैकी चौथा हिस्सा, म्हणजे सरासरी १२.५, तसेही रिपब्लिकनच. त्यांचे मन वळवायचा प्रश्न नाही. उरले ३७.५. वळले ५. दर १३.३ टक्के.

आता तीच पाच मते, पण प्रेक्षकवाढ १५ टक्केबिंदूंची धरा. ‘गेल्या आठवड्यात हे चॅनेल पाहिले का?’ असे नुसते विचारले की ‘हो’ म्हणणारे बरेच निघतात. रोजच्या डायरीत अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवायला लावली की प्रेक्षक रोडावतात. १५० प्रेक्षक, त्यातले ११२.५ वळण्याजोगे, दर ४.४ टक्के. मते तीच, उत्तर तिपटीने खाली. ३ आणि २८ मधली दरी मुख्यतः इथली आहे: ‘प्रेक्षक’ कोणाला म्हणायचे.

हमखास चूक अशी: अंशात प्रौढांऐवजी झालेल्या मतांतला वाटा घेतात. वरच्या गावात तो ५० वरून ५१ टक्के होतो. १ भागिले ५, त्याला ०.५ ने भागले की ४० टक्के! गणित चुकलेले नाही, पण प्रश्न बदलला. हा दर फक्त विरोधी पक्षाच्या मतदारांमागचा झाला आणि घरी बसणारे ५०० जण हिशेबातून गेले. मतदानाचे प्रमाण हलले असेल तर गोंधळ आणखी वाढतो. मूळ निबंधात मतदानाचे प्रमाण सूत्रात वेगळे धरले आहे, तो भाग पेन घेऊन सोडवाच.

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. चॅनेल नसलेल्या गावात प्रेक्षक शून्य धरू नका. डिश अँटेनावर पाहणारे तिथेही होते. आणि प्रेक्षक हे गावाच्या सरासरीसारखेच असतात हे गृहीत आहे. वरच्या ५० पैकी २५ जण आधीच रिपब्लिकन असतील तर दर १३.३ नव्हे, २० टक्के.

केबलजोड

दुसऱ्या प्रश्नाबद्दल स्पष्ट सांगते: सेट-टॉप बॉक्सच्या टप्प्यांवर हा अभ्यास उभा करू नका. टप्पे शहराच्या आकाराने ठरले होते. मोठी शहरे आधी, लहान नंतर. २०१४ मध्ये मोठ्या शहरांचा कल गावांपेक्षा वेगळा होता आणि त्याची डझनभर कारणे केबलशी संबंधित नाहीत. तुम्हाला ‘केबलचा परिणाम’ म्हणून जे मिळेल तो मोठ्या शहराचा परिणाम असेल, आणि कितीही कंट्रोल (हिशेबात स्थिर धरायचे इतर घटक) टाकले तरी तो पुरता धुऊन निघणार नाही.

फॉक्सच्या अभ्यासाची ताकद नेमकी इथे आहे. तिथेही चॅनेल उगाच कुठेही आले नव्हते. ज्या केबल कंपन्यांकडे चॅनेलची जागा जास्त, तिथे ते जास्त आले. म्हणून लेखकांनी केबलवरच्या चॅनेलांची संख्या आणि संभाव्य ग्राहकसंख्या हिशेबात स्थिर धरली, जनगणनेची आकडेवारी घातली आणि अमेरिकी संसदेच्या एकाच मतदारसंघातल्या किंवा एकाच काउंटीतल्या (जिल्ह्यासारख्या भागातल्या) गावांचीच आपसांत तुलना केली. मग पडताळा: चॅनेल येण्याआधी, १९९२ ते १९९६ मध्ये, ही गावे वेगळ्या दिशेने सरकत होती का? नव्हती. हा पडताळा तुमच्या आकडेवारीत फसला तर तिथेच थांबायचे.

ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू यांनी २०१७ मध्ये याहून बारीक धागा पकडला: चॅनेलचा क्रमांक. सुरुवातीच्या, लहान क्रमांकावर असलेले चॅनेल लोक जरा जास्त पाहतात, आणि कोणत्या गावात कोणता क्रमांक मिळाला यामागे स्थानिक राजकारण नव्हते. या क्रमांकामुळे जे आठवड्याला २.५ मिनिटे जास्त फॉक्स पाहू लागले, त्यांच्यात रिपब्लिकन मतांचा वाटा ०.३ टक्केबिंदूंनी वाढला.

आपल्याकडे क्रमांक केबलगणिक बदलतात, म्हणून ही कल्पना लगेच मोह घालते. पण इथे क्रमांकासाठी आणि बॉक्स सुरू केल्यावर पहिले दिसणाऱ्या जागेसाठी चॅनेल पैसे मोजतात. केबलचालकाचे पक्षाशी लागेबांधे असतील तर क्रमांक निवडणुकीपासून स्वतंत्र राहत नाही.

मला टिकाऊ वाटणारा मार्ग डोंगरांचा. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी रवांडातल्या आरटीएलएम या द्वेष पसरवणाऱ्या रेडिओचा १९९४ च्या नरसंहारातला वाटा मोजला तो असा: टेकड्या आडव्या आल्याने शेजारच्या दोन गावांपैकी एकात रेडिओ ऐकू येतो, दुसऱ्यात नाही. कृती अशी. प्रक्षेपण मनोऱ्याची जागा, उंची आणि शक्ती घ्या. उंचीच्या नकाशावर लॉंगली-राइस मॉडेल (डोंगरदऱ्यांतून रेडिओलहरी किती पोचतील याचा अंदाज देणारे) चालवून प्रत्येक गावात सिग्नल किती पोचतो ते काढा. मग डोंगर नसतेच तर किती पोचला असता तेही काढा. दुसरा आकडा कंट्रोल म्हणून घाला. उरलेला फरक फक्त भूगोलाचा. गावाची स्वतःची उंची, उतार आणि जवळच्या शहराचे अंतर हे कंट्रोल विसरू नका, कारण दरीतले गाव रस्त्यापासूनही दूर असते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना असा फरक भरपूर मिळेल. मात्र आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या राजकीय बातम्या द्यायची मुभा नाही, तेव्हा प्रश्न आकाशवाणी-दूरदर्शनपुरता आणि जुन्या निवडणुकांचा होईल.

अर्थवाचक

टप्प्यांचा विचार सोडला. आणखी एक: मार्गदर्शकांना शीर्षकात ‘राजकीय ध्रुवीकरण’ हवे आहे. मतांचा वाटा सरकला म्हणजे ध्रुवीकरण दाखवले असे म्हणता येईल का?

तळटीप

नाही. आणि या चुकीवर तोंडी परीक्षेत पहिले बोट ठेवले जाईल. सगळा गाव एका बाजूला अर्धा टक्का सरकला तर दोन गटांतले अंतर वाढलेच पाहिजे असे नाही. रशियातला अभ्यास पाहा: १९९९ च्या डूमाच्या (रशियन संसदेच्या) निवडणुकीत सरकारच्या ताब्यात नसलेले एनटीव्ही हे एकच देशव्यापी चॅनेल होते. ते जिथे दिसत होते तिथे सरकारी पक्षाची मते ८.९ टक्केबिंदूंनी कमी झाली, असे एनिकोलोपोव्ह, पेत्रोव्हा आणि झुराव्स्काया यांनी २०११ मध्ये दाखवले. हे जबरदस्त मन वळवणे आहे, पण ध्रुवीकरण नाही.

ध्रुवीकरणाला निदान दोन मोजमापे लागतात. धोरणांवरची मते किती फाकली, हे एक. दुसरे भावनिक: आपल्या आणि विरोधी पक्षाबद्दल ० ते १०० अंशांवर किती जिव्हाळा वाटतो हे विचारून दोन्हींतला फरक काढायचा. ही दोन मोजमापे नेहमी एकत्र हलत नाहीत. ऑलकॉट, ब्राघिएरी, आइखमायर आणि गेन्ट्झको यांनी अमेरिकेतल्या २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीआधी ४ आठवडे लोकांना पैसे देऊन फेसबुक बंद ठेवायला लावले. धोरणांवरच्या मतांमधली तफावत कमी झाली, भावनिक अंतरात मात्र ठोस फरक दिसला नाही. शिवाय बातम्यांची माहितीही घटली. उलट रोई लेव्ही यांच्या २०२१ च्या प्रयोगात लोकांना फेसबुकवर विरुद्ध विचारांच्या वृत्तसंस्था फॉलो करायला सुचवले, तेव्हा विरोधी पक्षाबद्दलचा राग थोडा निवळला, पण राजकीय प्रश्नांवरची मते जागची हलली नाहीत.

‘इंटरनेट आले म्हणून ध्रुवीकरण वाढले’ हे वाक्य प्रस्तावनेत लिहिणार असाल तर आधी बॉक्सेल, गेन्ट्झको आणि शपीरो यांचा २०१७ चा निबंध वाचा. अमेरिकेत इंटरनेट सगळ्यांत कमी वापरणाऱ्या ज्येष्ठांमध्येच ध्रुवीकरणाची वाढ जास्त दिसते. इंटरनेट निर्दोष आहे असे यातून सिद्ध होत नाही, पण एवढे सोपे कारण चालणार नाही हे नक्की.

तेव्हा सर्वेक्षण हाताशी नसेल तर शीर्षकात ‘मतदानावरील प्रभाव’ एवढेच ठेवा.

केबलजोड

तळटीप यांच्याशी सहमत. बूथनिहाय मतांसाठी फॉर्म २० (निवडणुकीचा अंतिम निकालपत्रक तक्ता) वापरणार असाल तर एवढे पाहा: अनेक मतदारसंघांचे स्कॅन केलेले पीडीएफ आहेत, आकडे हाताने भरावे लागतील, आणि बूथ क्रमांक दोन निवडणुकांत सारखे राहत नाहीत. क्रमांकावर जोडणी केली तर एका शाळेची मते दुसऱ्या गावाच्या नावावर जातात. मतदान केंद्राच्या नावावर आणि पत्त्यावर जोडा, न जुळलेले वेगळे ठेवा, आणि किती टक्के जुळले ते प्रबंधात लिहा.

मोजपट्टी

त्यात भर: स्टँडर्ड एरर (अंदाज किती इकडे-तिकडे होऊ शकतो याचे माप) बूथच्या पातळीवर काढू नका. एकाच मनोऱ्याच्या किंवा एकाच केबलचालकाच्या टापूत २०० बूथ असतील तर चॅनेल मिळण्याच्या हिशेबात ती २०० स्वतंत्र निरीक्षणे नाहीत, एकच आहे. क्लस्टर (एकत्र धरायच्या निरीक्षणांचा गट) त्या पातळीवर धरा. क्लस्टर वीस-पंचवीसच निघाले तर नेहमीचे सूत्र खोटा आत्मविश्वास देते. तेव्हा वाइल्ड बूटस्ट्रॅप (हाताशी असलेल्या आकडेवारीतूनच पुन्हा-पुन्हा नमुने बनवून अनिश्चितता मोजायची रीत) वापरा.