गरिबी आणि साधेपणा यांत फरक कोठे करावा? मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या जेवणावरून पडलेला प्रश्न

प्रश्न : धुऱ्यावरचा, यवतमाळ जिल्हा

सर्वांना नमस्कार. माझी पाच एकर कोरडवाहू शेती आहे. तीन एकरांत कपाशी आणि उरलेल्या जागेत सोयाबीन-तूर असते. गावात आमच्यासह कॅथलिक घरे चारच असून चर्च एकवीस किलोमीटरवर आहे. येत्या उन्हाळ्यात थोरल्या मुलीची पहिली कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद प्रथमच घेण्याचा विधी, आहे. गेल्या वर्षी आमच्याच धर्मग्रामातील, म्हणजे आमच्याच चर्चच्या हद्दीतील, एका कुटुंबाने अशाच प्रसंगी मंडप, डीजे आणि तीनशे माणसांचे जेवण केले, आणि त्यासाठी काढलेले पैसे अजून फिटलेले नाहीत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. तरीही माझ्या आईचे म्हणणे असे की, गावात आपली घरे मोजकी आहेत, तेव्हा आपण कोणापेक्षा कमी दिसता कामा नये.

ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळातील एका प्रवचनात फादरांनी पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्राचा आधार घेऊन साध्या राहणीविषयी सांगितले. प्लास्टिक टाळावे, खाता येईल तेवढेच शिजवावे, वातानुकूलन यंत्रांचा वाढता वापर आवरावा, असे त्यात होते. खरे सांगायचे तर मला बसल्या जागी हसू आले. आमच्या घरात पंखे दोन आहेत आणि वीज असली तर ते फिरतात. ज्याच्याजवळ सोडण्यासारखे फारसे काही नाही, त्याने साधेपणा स्वीकारायचा म्हणजे नेमके काय करायचे? मी जेवण लहान केले तर ती श्रद्धा म्हणायची, की खिशातल्या अडचणीला दिलेले चांगले नाव? उत्तर केवळ उपदेशाचे नसावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त मास्तर, वर्धा जिल्हा

भाऊ, आपला प्रश्न मला फार आवडला, कारण साधेपणा हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचाच धडा आहे, असे मीही पुष्कळ वर्षे समजत होतो. माझा हा समज बायबलातील निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायाने मोडला. मिसर देशाच्या गुलामीतून नुकतेच सुटलेले, रानात उपाशी असलेले लोक तेथे आहेत, म्हणजे आपल्याहूनही रिकाम्या हातांचे. त्यांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळतो आणि त्याबरोबर नियमही मिळतो की, प्रत्येकाने त्या दिवसापुरता गोळा करावा. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. म्हणजे हा धडा आधी गरिबांनाच शिकवला गेला, आणि तोही त्यांना हिणवण्यासाठी नसून, उद्याच्या भीतीने आजच्या शेजाऱ्याचा वाटा उचलला जाऊ नये म्हणून.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जी साधेपणावर बोलणारे बहुधा वगळतात. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती आणि शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवलेला तो मान्ना नासला नाही. सणासाठी जास्तीचे शिजवणे हे पाप नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो. म्हणून आपण जेवण अवश्य द्यावे, पण ते या हंगामाच्या मिळकतीतून द्यावे. कर्ज काढून घातलेली पंगत म्हणजे पुढल्या तीन हंगामांचा मान्ना आजच गोळा करणे होय, आणि तो कसा नासतो हे आपण गेल्या वर्षीच्या त्या कुटुंबाकडे पाहून जाणताच.

जेवणाविषयी माझे मत विचाराल तर वावरातच गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजावेत, सोबत वांग्याची भाजी आणि वरण असावे. पळसाला नवी पाने उन्हाळ्यातच येतात, तेव्हा पत्रावळीही घरच्या होतील. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. आमच्या आठवडी बाजारात ती अजूनही मिळतात, हा भाग वेगळा. पळसाला पाने तीनच असली तरी साठ माणसांपुरती ती कोठेही निघतात.

थोडे विषयांतर करतो. आमच्या वर्ध्यात मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा राहत असत. ते ख्रिस्ती होते, कॅथलिक नव्हते. लंडनमध्ये हिशेब तपासनीसाचे आणि न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने विलायती पोशाख सोडून खादी धरली आणि १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम अंगावर घेतले. घाण्याचे तेल, हातसडीचे तांदूळ, हातकागद, मधमाश्या, अशा गोष्टींत त्यांनी आयुष्य घातले. येशूचे अनुयायित्व बाजारात आणि चुलीजवळ तपासले जाते, असे त्यांच्याकडे पाहून वाटते.

उत्तर : कापूस वेचणारी, अमरावती जिल्हा

मास्तरांनी लिहिलेले वाचून समाधान वाटले, तरी दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिली अशी की, शेतकऱ्याला साधेपणा शिकवणाऱ्यांनी ते परिपत्र पुरते वाचावे. त्यात पॅराग्वेच्या बिशपांच्या आधाराने असे म्हटले आहे की, प्रत्येक शेतकऱ्याला घर बांधून कुटुंब पोसता येईल एवढ्या जमिनीचा नैसर्गिक हक्क आहे, आणि नुसती जमीन पुरेशी नसून त्याला तांत्रिक शिक्षण, कर्ज, विमा आणि बाजारपेठही मिळाली पाहिजे. जगाच्या काही भागांनी आपली वाढ कमी करावी, म्हणजे इतरांना नीट वाढता येईल, असेही त्यात आहे. कापसाला भाव मागणे हे साध्या राहणीच्या विरुद्ध आहे, असे कोणी सांगू लागले तर ते ऐकू नये.

दुसरी गोष्ट घरातली आहे. रोडगे, पत्रावळी, निंबोळ्यांचा अर्क, गोवऱ्या, हे सारे निसर्गाला धरून आहे, हे मान्य. पण पाने तोडून आणणे, काड्या लावून ती टाचणे, निंबोळ्या वेचणे आणि गोवऱ्या थापणे ही कामे कोणाच्या वाट्याला येतात? पुरुषाने साधेपणाचा संकल्प करावा आणि तो बाईच्या कमरेने पार पाडावा, असे होणार असेल तर माझ्या मते बाजारातली पत्रावळ विकत आणलेली बरी.

उत्तर : जागल्या, चंद्रपूर जिल्हा

ताईंचे म्हणणे मला लागले, कारण आमच्या घरी तसेच घडत होते.

मी फक्त शेतापुरते लिहितो, कारण आपल्याकडे सोडण्यासारखे जे आहे ते बहुधा घरात नसून वावरात आहे. बायबलातील उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेची मशागत आणि राखण करण्यास ठेवले आहे. मशागत आपण करतोच, राखणीचे काय? २०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्यानंतर दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारणे मी बंद केले. आधी कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, किती पतंग सापडतात ते पाहतो. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरतो, म्हणजे पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून, गाळून, त्याचे शंभर लिटर द्रावण करतो. निंबोळ्या आता मी आणि मुलगा वेचतो. रासायनिक फवारणी पूर्ण सुटलेली नाही, हेही कबूल करतो. करावी लागली तर हातमोजे व मास्क मजुराला आधी देतो, मग पंप देतो.

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नयेत आणि सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेले पीक, वेचू नये, तो गरिबाला व परक्याला राहू द्यावा, अशी आज्ञा आहे. तूर आणि सोयाबीन निघाल्यावर मी सरवा सोडतो आणि ज्या बाया येतात त्यांना कोणी हटकत नाही. कपाशीत मात्र हे साधत नाही, कारण फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी, ठेवली की गुलाबी बोंडअळीचे आयतेच फावते आणि त्याचा त्रास शेजाऱ्याच्या वावरालाही होतो. म्हणून शेवटच्या वेच्यातला काही कापूस मी मजुरीव्यतिरिक्त वेचणाऱ्या बायांना देतो आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, वेळेवर उपटतो. आज्ञेचे अक्षर असे थोडे वाकवलेले फादरांना चालेल का, हे मी अजून विचारलेले नाही.

धुऱ्यावरचा, यवतमाळ जिल्हा

सर्वांचे आभार. घरात सगळी उत्तरे वाचून दाखवली. साठ माणसे बोलवायची, त्यांत गावातील चारही घरे आणि गेल्या हंगामात आमच्याकडे निंदणाला आलेल्या बाया असतील. डीजे नाही, उधारी नाही. जेवण रोडग्यांचे.

ताईंचा परिच्छेद वाचताच बायकोने पत्रावळींचे काम माझ्यावर आणि माझ्या धाकट्या भावावर टाकले. काल दहा लावून पाहिल्या, त्यांपैकी सहांतून वरण गळाले. पाने ताजी टाचावीत की सुकवून, हे कोणी सांगितले तर बरे होईल. आईचा राग अजून उतरलेला नाही. ती म्हणते, निदान नातीचा पांढरा फ्रॉक तरी नवा घ्या, आणि तो मी घेणार आहे.