मदत हवी आहे: फिस्टुला तयार झालाय, पण बाबा गळ्यातला कॅथेटर सोडायला तयार नाहीत

डिचोलीची लेक

नमस्कार. बाबांचं वय ६७. मधुमेह जुना, आणि फेब्रुवारीपासून डायलिसिस. मशीनकडे रक्त नेण्या-आणण्याची वाट म्हणजे आत्तापर्यंत गळ्यापाशी घातलेली नळी (कॅथेटर), आणि आता हातात धमनी शिरेला जोडून केलेला फिस्टुला, ज्यात दर वेळी सुया घालाव्या लागतात. जरा लांबण लावते आहे त्याबद्दल माफ करा, पण नुसता प्रश्न विचारला तर 'डॉक्टरांना विचारा' असंच उत्तर येईल, आणि त्यांना विचारून झालंय. मला या वाटेने गेलेली माणसं हवी आहेत.

डायलिसिस अचानकच सुरू झालं. एका रात्री दम लागला, आडवं होता येईना, इस्पितळात नेलं तर फुप्फुसात पाणी. त्याच रात्री मानेत तात्पुरती नळी घातली आणि दहा दिवसांनी पर्मकॅथ, म्हणजे कातडीखालून नेऊन छातीवर उजवीकडे बाहेर काढलेली नळी. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. नळीची दोन तोंडं मशीनला जोडायची, संपलं की बंद करून पट्टी लावायची. टोचणं नाही, दुखणं नाही. बाबांना हेच डायलिसिस वाटतं.

मे महिन्यात मशीनवर बसून अर्धा तास झाला असेल, त्यांना हुडहुडी भरली. दात वाजत होते, पलंग हलत होता. दोन चादरी घालून मी त्यांचे पाय दाबून धरले होते. ताप १०३. नळीतून जंतू रक्तात गेले होते. नळी बदलावी लागली, दोन आठवडे शिरेतून अँटिबायोटिक चाललं. डॉक्टरांनी तेव्हा एका कागदावर चित्र काढून समजावलं: या नळीचं आतलं टोक थेट हृदयापाशी असतं, बाहेरच्या तोंडातून जंतू शिरला तर वाटेत त्याला अडवणारं काही नाही. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. शिवाय नळीतून रक्त नीट येत नाही म्हणून बऱ्याचदा तिची दोन तोंडं उलटी जोडतात, आणि मागच्या महिन्यात यूआरआर (डायलिसिसने रक्तातला युरिया किती टक्के कमी झाला तो आकडा) ५८ आला. तो निदान ६५ हवा असतो. म्हणजे चार तास बसूनही रक्त पुरतं साफ होत नाही.

जूनच्या सुरुवातीला डाव्या कोपरापाशी फिस्टुला केला. मनगटाजवळच्या शिरा सलाईन आणि रक्ततपासण्यांनी आधीच खराब झाल्या होत्या. (ज्यांच्या घरी किडनीचा आजार नुकताच कळलाय त्यांना हात जोडून सांगते, ज्या हाताने काम करत नाही तो हात आत्तापासून जपा. सुई टोचायची असेल तर तळहाताच्या मागच्या शिरेत टोचा म्हणावं. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही.) धमनी शिरेला जोडल्यावर धमनीच्या जोराचं रक्त शिरेत येतं, आणि त्या जोराने शीर हळूहळू फुगते, जाड होते. त्याला आठवडे लागतात. बाबांनी रबरी चेंडू दाबायचा व्यायाम मनापासून केला. रोज सकाळी हात कानाशी नेऊन शिरेतल्या रक्ताची गुणगुण ऐकतात. "हातांत कितें तरी गुणगुणता," असं नातवाला सांगून त्याचा कान लावतात. त्या हातावर त्यांचा जीव आहे, फक्त त्यात सुई घालू द्यायची नाही.

आता दहा आठवडे झाले. डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) शीर ६ मिलिमीटरच्या वर, प्रवाह चांगला. डॉक्टर म्हणतात, सुरू करा. बाबांनी हिशोब मांडला: एका वेळेला दोन सुया, आठवड्याला सहा, वर्षाला ३१२. आणि मला विचारलं, "ही नळी आसा न्हय, कांयच दुखना. मागीर सुयो कित्याक?" (ही नळी आहे ना, काहीच दुखत नाही. मग सुया कशाला?) शेजारच्या खाटेवरच्या एकाचा हात पहिल्याच दिवशी सुजून काळानिळा झालेला त्यांनी पाहिलाय. त्या दिवसापासून विषय काढला की ते उठून कुळागरात (सुपारीच्या बागेत) जातात.

दुसरी गोष्ट इथे कोणाला क्षुल्लक वाटेल, आमच्या घरात ती क्षुल्लक नाही. बाबा घुमट वाजवतात, म्हणजे मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं आमच्याकडचं वाद्य. चवथीला (गणेश चतुर्थीला) आमच्या वाड्यावर घरोघर घुमट आरत्या होतात, आणि गेली चाळीस वर्षं त्यात बाबा आहेत. घुमट गळ्यात अडकवून डाव्या बगलेखाली धरायचं, उजव्या हाताची थाप चामड्यावर आणि डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड उघडझाक करायचं. पट्टा नेमका कॅथेटरवर येतो आणि मातीचं भांडं नेमकं फिस्टुल्याच्या हातावर दाबलं जातं. चवथ तीन आठवड्यांवर आली आहे. त्यांना वाटतं, सुया सुरू झाल्या की डावा हात कायमचा गेला.

माझे प्रश्न: पहिल्या सुयांचं दुखणं किती आणि किती दिवस? हात सुजला तर फिस्टुला वाया जातो का? कॅथेटर नेमका कधी काढतात? आणि घुमटाचं काय करू?

सुई-टेक्निशियन

ताई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं हेच काम. तुमच्या बाबांना कोणीतरी सांगायला हवं की पहिल्याच दिवशी दोन सुया घालायची सक्ती नाही. आम्ही आधी एकच घालतो. रक्त फिस्टुल्यातून घ्यायचं आणि परत कॅथेटरमधून द्यायचं. सुई सगळ्यात बारीक, १७ नंबरची (नंबर मोठा तेवढी सुई बारीक), आणि पंप हळू, मिनिटाला २०० मिली. ते नीट जमलं की दुसरी सुई, मग १६ नंबर, मग पंप वाढवायचा. आमच्या केंद्रात दोन सुयांवर सलग सहा वेळा विनातक्रार झालं की डॉक्टर कॅथेटर काढायचं ठरवतात. तोवर तो असतोच, म्हणजे बाबांचा आधार लगेच काढून घेत नाही हे त्यांना सांगा.

सूज म्हणजे सुई शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून गेली आणि रक्त मांसात उतरलं. नव्या फिस्टुल्याची भिंत नाजूक असते, त्यामुळे सुरुवातीला असं होतं. त्या दिवशी बर्फाचा शेक, दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक, आणि सूज उतरेपर्यंत तिथे टोचायचं नाही. एवढ्याने फिस्टुला जात नाही. पण सुई घातल्यावर त्यांनी कोपर वाकवायचं नाही, फिस्टुला कोपरापाशी आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. झोप लागली की माणूस हात वाकवतोच. हाताखाली उशी द्या.

बधिर करणारं क्रीम मिळतं, लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचं. घरून निघताना, सुईच्या तासभर आधी जाड थर लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवा. केंद्रात पोचल्यावर आधी साबणाने हात स्वच्छ धुवायचा. आणि सिस्टरना सांगून सुरुवातीचे काही दिवस एकाच अनुभवी माणसाकडून टोचून घ्या. हे मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

फोंडेकर ७

मी स्वतः पेशंट. सात वर्षं फिस्टुल्यावर. दुखतं. खोटं सांगणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे आदल्या रात्री झोप लागत नसे. पुढे तिथली कातडी बोथट होते आणि टोचणं म्हणजे एक क्षणाची गोष्ट राहते. सुईची जागा थोडी थोडी सरकवत वरखाली घ्यायला सांगा. एकाच ठिकाणी रोज टोचलं की दुखत नाही म्हणून आपणच मागतो, आणि मग तिथे फुगा येतो. माझ्या हाताला तसे दोन आहेत, ती माझीच चूक.

बाबांना एक विचारा: डोक्यावरून शेवटची आंघोळ कधी केली? कॅथेटर भिजायला नको म्हणून मी पाच महिने अंग पुसून काढले होते. नळी निघाली, जखम भरली, आणि विहिरीवर जाऊन कळशी डोक्यावर ओतली तो दिवस मला डायलिसिसच्या पहिल्या दिवसापेक्षा जास्त आठवतो.

शेवंती

घाबरवायचा हेतू नाही, पण कोणीतरी हेही लिहायला हवं. माझ्या सासऱ्यांनी अशीच टाळाटाळ करून पावणेदोन वर्षं नळीवर काढली. नळीने छातीतली मोठी शीर आतून आकसत गेली. नंतर त्याच बाजूच्या हाताला फिस्टुला केला तर अख्खा हात खांद्यापर्यंत सुजला, कारण रक्ताला परत जायला वाट नव्हती. फुग्याने शीर रुंद करून घेतली, ती पुन्हा आकसली. तुमच्याकडे चालू फिस्टुला आहे. तो वापरा.

घुमटाबद्दल: बोटं हलवण्याला बंदी नसते, हातावर दाब येण्याला असते. घट्ट बांगडी, घड्याळ, पिशवी कोपरात अडकवणं, त्या कुशीवर झोपणं, त्या हाताचं बीपी घेणं, हे सगळं जसं बंद, तसं बगलेतलं भांडंही बंद. पण बसून, दुसऱ्या कोणी घुमट धरलं तर? डॉक्टरांना विचारून बघा.

सुई-टेक्निशियन

शेवंतीताईंनी म्हटलंय त्यात एक जोडतो. सकाळ-संध्याकाळ गुणगुण तपासायची. डायलिसिसनंतर बीपी फार खाली गेलं तर फिस्टुला बंद पडू शकतो. हाताला थरथर लागली नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच तासाला निघायचं. लवकर पोचलं तर गुठळी काढून वाचवता येतो. बोटं गार पडणं, बधिर होणं, नखं निळसर दिसणं, हेही लगेच सांगायचं, मधुमेह्यांत जास्त होतं. आणि घरी सुईच्या जागेतून रक्त आलं तर एका बोटाने थेट तिथे दाबून धरायचं आणि १०८ ला फोन. टॉवेल गुंडाळत बसू नका, आत किती रक्त जातंय ते दिसत नाही.

डिचोलीची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी बाबांना वाचून दाखवला. सुयांचं ऐकताना गप्प होते. फोंडेकर काकांची विहीर आली तेव्हा म्हणाले, "परत वाच."

मंगळवारी एक सुई झाली. क्रीम लावून गेलो होतो. एक वयस्क सिस्टर आहेत, त्यांनाच टोचायची विनंती केली, त्यांनी आधी हातावर बोट ठेवून बराच वेळ शीर चाचपली, बाबांशी चवथीच्या माटोळीबद्दल (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची आरास) बोलत राहिल्या आणि सुई कधी गेली ते मलाही कळलं नाही. बाबांना कळलं. ओठ दाबून धरले होते. चार तास हात उशीवर सरळ ठेवला, मी शेजारी बसून राहिले. सुई काढल्यावर दहा मिनिटं त्यांनी स्वतःच बोटाने दाबून धरलं, मला धरू दिलं नाही. सूज नाही. घरी आल्यावर कानाशी हात नेला, गुणगुण होती.

घुमटाचं डॉक्टरांना विचारलं. या वर्षी बगलेत धरायचं नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबांनी त्यावर वाद घातला नाही. संध्याकाळी माझ्या मुलाला, वय अकरा, समोर बसवलं, घुमट त्याच्या गळ्यात घातलं आणि आपण उजव्या हाताने त्याच्या गुडघ्यावर ताल देत बसले. डाव्या तळव्याची उघडझाक त्याला अजून जमत नाही, थापेच्या मागे पडते. बाबा पुन्हा पुन्हा तेवढंच करून घेत होते.

शनिवारी दुसऱ्यांदा एक सुई, ठीक झालं तर पुढच्या आठवड्यात दोन. एकच विचारायचं राहिलं: क्रीम लावलेल्या जागी थोडं लालसर झालंय. दुखत नाही, गरम लागत नाही, पू नाही. सिस्टरना फोटो पाठवलाय, त्या म्हणाल्या पट्टीच्या गोंदाने असेल, शनिवारी बघते. कोणाला असं झालं होतं का, आणि पट्टीऐवजी तुम्ही काय वापरलंत?