फेब्रुवारीअखेर डोंगर आणि वाळवंट एकाच सहलीत : आधी कोणते घ्यावे?

रंकाळावेस (प्रश्न)

नमस्कार. येत्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मला अकरा दिवसांची रजा मिळण्याची शक्यता आहे. आम्ही तिघे आहोत : मी, पत्नी आणि ६८ वर्षांची आई. आईला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, पण ती रोज पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाते, त्यामुळे तिच्या चालण्याची मला काळजी नाही. चढण्याची मात्र आहे. सह्याद्री आणि कोकण आमच्या नेहमीच्या वाटेवरचे आहेत. वाळूच्या टेकड्या मात्र तिने फक्त टीव्हीवर पाहिल्या आहेत, आणि सोबत थोडा उंच डोंगरही पाहावा, अशी तिची इच्छा आहे.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला लडाखचा, कारण तिथे नुब्रा खोऱ्यात हुंदरला बर्फाचे डोंगर आणि वाळू एकाच नजरेत दिसतात, असे ऐकले आहे. दुसरा राजस्थानचा : आधी अबू, मग उदयपूर, जोधपूर आणि शेवटी जैसलमेर. जाणकारांनी यांतला कोणता पर्याय निवडावा आणि क्रम बरोबर आहे का, हे कृपया सांगावे.

मिरज जंक्शन

लडाखबद्दल तुम्ही ऐकले ते खरे आहे. हुंदरची वाळू आणि तिथले दोन वशिंडांचे उंट खरोखरच बर्फाच्छादित डोंगरांच्या पायथ्याशी आहेत. पण फेब्रुवारीअखेर मनाली-लेह रस्ता बंद असतो, श्रीनगरकडून येणारा झोजिला घाट कधी उघडेल याचा भरवसा नसतो, म्हणजे जाणे-येणे विमानानेच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, तर लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे दर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, आणि विमानातून उतरणाऱ्याच्या शरीराला हा बदल काही तासांत पेलावा लागतो. पहिले दोन दिवस खोलीत स्वस्थ बसून काढावे लागतात. पुढे हुंदरला जायचे तर खार्दुंग ला ही ५,३५९ मीटरची खिंड ओलांडायची, आणि बर्फ पडले की तीही बंद. रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली असते.

रक्तदाबाचा त्रास असलेल्या आईंना घेऊन या महिन्यात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जूननंतर, डॉक्टरांना विचारून, अवश्य जा.

राजारामपुरी सातवी गल्ली

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे, पण तुमच्या राजस्थानच्या क्रमाबद्दल मला अधिक सांगायचे आहे, कारण नेमकी हीच चूक आम्ही सासूबाईंना घेऊन केली होती.

मिरजेहून बंगळूर-जोधपूर गाडी मिळते आणि ती वाटेत अबूच्या पायथ्याच्या अबू रोड स्थानकावर थांबते. गाडी थांबते म्हणून तिथेच उतरण्याचा मोह होतो. आम्ही उतरलो, डोंगरावरच्या गारव्यात चार दिवस काढले, उदयपूर पाहिले, आणि जैसलमेरला पोहोचलो तेव्हा मार्चचा दुसरा आठवडा उलटला होता. सकाळी दहानंतर वाळूवर पाऊल ठेववत नव्हते. कापशी चप्पल घालून गेलेल्या आमच्या यजमानांनी ती हातात धरून टेकडी उतरायला सुरुवात केली आणि दहा पावलांत पुन्हा पायात घातली. फेब्रुवारीत तिथली दुपार अजून सुसह्य असते. मार्चमध्ये आठवड्यागणिक पारा चढतो. अबू मात्र मार्चमध्येही सुखद असते. म्हणून आधी वाळवंट घ्यावे आणि डोंगर शेवटी ठेवावा. गाडीने सरळ जोधपूरपर्यंत जा आणि परतताना अबू रोडहून बसा. गाडी रोज नसते आणि आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडते, तेव्हा परतीचा वार आधी ठरवून मग बाकीचे दिवस बसवा. दोन्ही बाजूंनी दीडेक दिवस गाडीत धरावा लागेल.

जैसलमेरपासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम हे गाव आहे. तिथल्या वाळूपेक्षा तिथली गर्दीच लक्षात राहते. आम्हाला ‘शांत तंबू’ म्हणून जे विकले गेले, तिथे रात्री अकरापर्यंत ध्वनिवर्धक सुरू होता आणि सासूबाई कानात कापूस घालून बसल्या होत्या. दक्षिणेकडचे खुडी हे गाव त्या मानाने निवांत आहे. तिथे एक रात्र राहा आणि पहाटे सूर्योदयाआधी टेकडीवर जा. त्या वेळी वाळू ओल्या फडक्यासारखी गार लागते, आणि तिच्यावर रात्री फिरलेल्या भुंग्यांच्या पायांची शिवण उमटलेली असते. ऊन वर आले, वारा सुटला की ती पुसली जाते.

जैसलमेरचा किल्ला ११५६ मध्ये बांधायला घेतला आणि आपल्या पन्हाळ्यासारखीच त्यात आजही वस्ती आहे. पण मुक्काम किल्ल्याबाहेर करावा, असे मी आग्रहाने सांगेन. आतल्या वाढत्या सांडपाण्याने त्याच्या पायाला इजा होत आहे, आणि तिथला अरुंद चढ आईंनाही जड जाईल.

गगनबावडा रोड

क्रमाबद्दलचे म्हणणे योग्य आहे. त्यात एक भर घालतो. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शिरोळपर्यंत येता येता तो त्याच्या एका लहानशा हिश्श्यावर येतो, हे आपण दर वर्षी पाहतो, कारण सह्याद्री वाऱ्याला आडवा उभा आहे. अरवली मात्र अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला जवळपास समांतर पडते, त्यामुळे ढग अडत नाहीत आणि पश्चिमेचा प्रदेश कोरडा राहतो. जोधपूरहून रस्त्याने राणकपूर, कुंभळगड आणि मग अबू असे गेलात, तर खेजडीच्या, म्हणजे शमीच्या, रुक्ष माळावरून अरवलीच्या झाडीत शिरताना हा फरक डोळ्यांनी दिसेल. त्या दिवसांत डोंगरउतारावर पळसही फुललेला असतो. अबूवरचे सर्वांत उंच गुरुशिखर १,७२२ मीटरवर आहे, पण वाहन बरेच वरपर्यंत जाते. शेवटच्या पायऱ्या सावकाश चढता येतात.

अकरा दिवसांत उदयपूर बसणार नाही. ते गाळा. उदयपूरला पुन्हा जाता येते. आईंना घेऊन वाळवंटात पुन्हा जाणे होईलच असे नाही.

आणखी एक. जोधपूरहून जैसलमेरला जाताना फलोदीजवळ खीचन गाव लागते. तिथे हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे येतात, ज्यांना स्थानिक लोक कुरजां म्हणतात. मार्च सरेपर्यंत ते उत्तरेकडे परततात. आधी वाळवंट घेण्याला हेही एक कारण.

रंकाळावेस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लडाखचा विचार सोडला आणि उदयपूरही गाळले. आई कुरजांचे ऐकून अधिकच उत्साही झाली आहे. एवढेच विचारतो, की अबूवरची देलवाड्याची जैन मंदिरे आईला सकाळी दाखवता येतील का?

राजारामपुरी सातवी गल्ली

सकाळी नाही. देलवाडा आणि राणकपूर, दोन्हीकडे सकाळची वेळ पूजेसाठी राखलेली असते आणि पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश मिळतो, तेव्हा गुरुशिखर सकाळी उरका. चामड्याची कोणतीही वस्तू आत नेता येत नाही. केवळ चप्पल नव्हे, कमरेचा पट्टा आणि पाकीटसुद्धा. आम्ही दोघे आणि सासूबाई पाळीपाळीने बाहेर पाकिटे सांभाळत बसलो होतो, म्हणून सांगते : त्या दिवशी पैसे कापडी पिशवीत ठेवा. देलवाड्यात छायाचित्रे काढू देत नाहीत. तिथल्या विमल वसही मंदिराच्या छतातले संगमरवरी झुंबर मान वर करून पाहावे लागते. आईंना खांबाला टेकून उभे राहायला सांगा.