आउटरला घर बांधतांना नकाशा पास करायचा की नाही? माझं मत: करायचाच

उमरेडरोडकर:
राजेहो, घरात रोज यावरून वाजते म्हणून इथे टाकतो. साळभाऊनं नागपूरच्या आउटरला पंधराशे फुटाचा प्लॉट घेतला, तीस बाय पन्नास, लेआउट मंजूर, प्राधिकरणाचं आरएल पत्र हातात, सगळं क्लिअर. आता म्हणते नकाशा कायले पास करायचा, बाजूची अर्धी लाइन तशीच उभी झाली, ग्रामपंचायतीत टॅक्स भरून राहिले, मीटर लागलं, कोणाचं पाडलं काय आजपर्यंत? माझं म्हणणं असं की मनपाची हद्द संपली म्हणून कायदा संपत नाही. बाहेरची सातशेवर गावं एनएमआरडीएकडे, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाकडे आहेत, त्यांचा डीपी (विकास आराखडा) २०१८ पासून लागू आहे. गावठाणाबाहेर सरपंचाच्या सहीवर घर बांधायचे दिवस गेले. आणि टॅक्सची पावती म्हणजे परवानगी नाही बाप्पा, टॅक्स तर अवैध घरालेही लागते. आज जे चार पैसे वाचले म्हणतो ते विकायच्या टायमाले निघतात, घेणाऱ्याची बँक पहिले मंजूर नकाशाच मागते.

खसरा_४२०:
भाऊ तुमी कागदावरचं नागपूर सांगता. आर्किटेक्टची फी, डेव्हलपमेंट चार्ज, छाननी फी, खर्च ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की लेबर सेस एक टक्का, पगारदार माणसाचं स्लॅबचं लोखंड त्यात जाते. बरं देऊ, पण बदल्यात काय? आमच्या लेआउटच्या छापील नकाशात मधोमध हिरवा चौकोन होता, त्यावर बगीचा लिहिलं होतं, आता तिथे चार प्लॉट पडले अन् त्यातल्या एकावर दुमजली उभी आहे. रस्ता मुरमाचा, पावसात मोटरसायकल फसते, गटर नाही, पाणी टँकरचं. चार्ज घेणारा आधी गटर दाखवेल तं मी लाइनीत पहिला उभा राहीन.

बेसाची_सून:
अहो इतकं भांडताय पण नियम तरी बघा. डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, यूडीसीपीआर आली, त्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट लो रिस्क म्हणजे कमी जोखमीच्या गटात टाकलाय. पंधराशे फूट म्हणजे साधारण १३९ चौरस मीटर, म्हणजे तुमचे साळभाऊ बसतात त्यात. आर्किटेक्ट किंवा लायसन्स इंजिनिअरच्या सहीचा नकाशा द्या, पैसे भरा, ती पावतीच परवानगी धरतात. दीडशे ते तीनशेवाल्यांनासुद्धा दहा दिवसांत परवानगी द्यायचं म्हटलंय. मग कशाला इतकं घाबरवायचं लोकांना?

खसरा_४२०:
वहिनी ते सगळं मंजूर लेआउटवाल्यासाठी. आउटरले निम्मे लोक सोसायटीच्या कच्च्या, बिनमंजुरीच्या लेआउटात बसले आहेत, त्यांच्या हातात फक्त विक्रीपत्र. त्यांनी काय करावं? आणि आता तं तुकडेबंदीही ढिली झाली, २०२५ च्या जुलैत महसूलमंत्री बावनकुळे साहेबांनी विधानसभेत घोषणा केली ना. मंग गुंठाभर जागा कायद्यात आली की घरही आलं.

उमरेडरोडकर:
नाही येत भाऊ, इथेच सगळे फसतात. तुकडेबंदी म्हणजे जमिनीच्या व्यवहाराचा विषय, तुकडा विकता-घेता येणं. बांधायची परवानगी एमआरटीपी म्हणजे नगररचनेच्या कायद्यात येते, त्याचा त्याच्याशी संबंध नाही. कच्च्या लेआउटवाल्यासाठी प्लॉट नियमित करायचा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचं त्यात घेतलं, पण त्यात सगळंच बसते असं नाही. आणि बिनपरवानगी बांधलं तं नोटीस येऊ शकते, वर तीन वर्षांपर्यंत कैदही लिहिली आहे कायद्यात. लागते किती जणांना ते वेगळं, पण कोणी शेजाऱ्यानं एक तक्रार टाकली की तुमचीच फाइल निघते.

काळीमाती:
सिव्हिलवाला बोलतोय. कैद, दंड सोडा, या बाजूला काळी माती आहे, उन्हाळ्यात फाटते अन् पावसात फुगते. मिस्त्रीनं साधा पाया घातला तं दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून भेग तिरपी वर चढत जाते, प्लास्टर करा, पुट्टी मारा, पुढच्या वर्षी तिथंच पुन्हा. अशा जागी पाया मुरमापर्यंत न्या नाहीतर अंडर-रीम पाइल (खाली फुगीर बुडाचे खांब) टाका. नकाशा दिला म्हणजे किमान एका इंजिनिअरला सही करावी लागते अन् सही करणारा जरा खाली बघते. ठेकेदार फक्त रेट बघते.

नाल्याकाठी:
सही, मंजुरी, सगळं ऐकलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये पाणी घुसलं की नाही? ते काही आउटरचे अवैध लेआउट नव्हते, जुने नावाजलेले आहेत. मग परवानगीनं वाचवलं कोणाला? माझ्या हिशोबाने परवानगी म्हणजे सरकारची वसुली, बाकी काही नाही, अन् आपण उगाच तिला सुरक्षा समजून बसतो.

उमरेडरोडकर:
हा मुद्दा मला पटतो, अर्धा. मंजुरी म्हणजे पाणी येणार नाही याची हमी नाही. पण तुमच्या वरच्या अंगाला कोणी नाल्यात भिंत टाकली तं नकाशाशिवाय त्याला अडवणार कोण? तिकडे कोणी विचारलंच नाही म्हणून तं नाले निमुळते झाले.

नाल्याकाठी:
विचारणाऱ्यांनीच परवानग्या दिल्या भाऊ, हेच तं म्हणतोय.

बेसाची_सून:
तुमचं चालू द्या. साळभाऊंना एवढंच सांगा, आर्किटेक्टकडे जायच्या आधी भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या, खुणेचे दगड दोन फुटं सरकलेले असतात नेहमी, अन् घराभोवती मार्जिनची मोकळी जागा सोडतांना तेच अंगाशी येतं. आमच्या मागच्या घरचा जिना दुसऱ्याच्या प्लॉटात गेला, आता दोन भाऊ अन् एक शेजारी, तिघंही कोर्टात.

खसरा_४२०:
मोजणीची फी पण घाला मग त्या लिस्टात 😄 बगीच्यावरची दुमजली पडली की मी पण नकाशा टाकतो, पक्का.