मोटर बदलण्याआधी दातेरी चाक पाहा
मॉडेल रेल्वेच्या इंजिनाची मोटर गुणगुणते, पण इंजिन हलत नाही, म्हणून नवी मोटर शोधावी, असा सल्ला दिला जातो; तो मला घाईचा वाटतो. आधी वाळलेले ग्रीस पुसावे (अनेकदा दोष तिथेच असतो) आणि आसावरचे प्लास्टिकचे दातेरी चाक भिंगाखाली तपासावे. माझ्या एचओ (म्हणजे १:८७ प्रमाणाच्या) इंजिनात दोन दात्यांमध्ये केसाएवढी चीर पडली होती आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ असा आवाज येई. बदली चाक घेताना १:८७ हे प्रमाण जुळणे पुरेसे नाही. दात्यांची संख्या, मॉड्यूल (दात्यांच्या आकाराचे माप), बाह्य व्यास आणि छिद्राचा व्यास हे सारे जुळले पाहिजे, कारण छिद्र जास्तच घट्ट असल्यास आस दाबून बसवताना नवे चाकही तडकते.